माकडतापाची लस: जुनी का बंद पडली, नवीचं घोडं कुठे अडतं?

सह्यकडा (धागाकर्ता)

काजूचा हंगाम तोंडावर आला की दोडामार्ग, बांदा आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीतून एकच विचारणा होते: माकडतापाची लस कुठे मिळेल? कुठेच नाही, हे त्याचं उत्तर. कर्नाटकात तीसेक वर्षं दिली जाणारी लस २०२२ मध्ये थांबवली गेली, नवी अजून चाचण्यांत आहे. मग ‘पुण्यात एवढी मोठी प्रयोगशाळा असून साधी लस जमत नाही?’ छापाचे शेरे वाचायला मिळतात, म्हणून हा धागा. प्रयोगशाळेतलं काम, लशीची ताकद मोजणं, नमुने पाठवणं यातलं ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काढे कृपया नकोत.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं-वानरं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने पडली. म्हणून याचं इंग्रजी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. पहिली शंका पीतज्वराची होती, कारण दक्षिण अमेरिकेत तोही आधी माकडं मारतो. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (१९५२ साली आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आणि रॉकफेलर फाउंडेशनने काढलेली संस्था; आजची एनआयव्ही, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियातल्या गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या गोतावळ्यातला निघाला. डेंगी, जपानी मेंदूज्वर हेही याच फ्लेविव्हायरस कुळातले, पण ते डासातून येतात आणि हा गोचिडीतून. मुख्य गोचीड हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. पुढची कित्येक दशकं आजार शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांत राहिला. २०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये सत्तरी आणि २०१६ मध्ये दोडामार्ग.

प्रयोगवही

चांगला धागा. जुन्या लशीबद्दल आधी लिहितो, कारण सगळ्या गैरसमजांचं मूळ तिथे आहे.

पहिला प्रयत्न पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी झाला. रशियन मेंदूज्वरावरची, उंदरांच्या मेंदूत वाढवून फॉर्मालिनने मारलेली लस शिमोग्यात देऊन पाहिली. विषाणू भाऊबंद आहेत तर लसही चालेल, असा हिशेब होता. चालली नाही. मग पुण्यात खुद्द केएफडी विषाणूची लस तयार झाली: १९५७ मध्ये रुग्णाकडून मिळालेला पी-९६०५ हा वाण, कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवलेला, फॉर्मालिनने निष्क्रिय केलेला. उत्पादन पुढे बंगळुरूच्या पशुआरोग्य व पशुजैविके संस्थेत होत असे.

१९९० ते ९२ दरम्यानच्या क्षेत्रीय चाचणीत एका डोसने ७९.३ टक्के आणि दोन डोसांनी ९३.५ टक्के संरक्षण दिसलं. ऐकायला झकास. पण २००५ ते २०१० या काळाचा अभ्यास झाला तेव्हा दोन डोसांची परिणामकारकता ६२.४ टक्के, आणि बूस्टर घेतलेल्यांत ८२.९ टक्के निघाली. एकच डोस घेतलेल्यांना फायदा असा दिसलाच नाही. म्हणजे कागदावरची लस आणि गावात पोचलेली लस या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या.

वेळापत्रकही बघा: महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग पाचेक वर्षं दरवर्षी एक. सुई टोचलेली जागा चांगलीच दुखते. रोजंदारीवर जाणारा माणूस पहिल्या डोसाला येतो, दुसऱ्याला तोंड चुकवतो, आणि तिसऱ्याला त्याचं नाव यादीत असलं तरी तो बागेत असतो.

काजूबागायतदार

@प्रयोगवही, युरोपात गोचिडीच्या मेंदूज्वरावर चांगल्या लशी आहेत म्हणे. ऑस्ट्रियात तर शाळकरी पोरांनाही टोचतात. त्याच आणून का देत नाहीत? साठ वर्षांपूर्वीची रशियन लस कच्ची असेल, आताच्या तशा नाहीत ना?

प्रयोगवही

रास्त शंका आहे. लस कच्ची होती हे अर्धंच कारण. या विषाणूंच्या पृष्ठभागावरचं मुख्य प्रथिन म्हणजे ‘ई’ प्रथिन, आणि निष्प्रभ करणारी अँटिबॉडी बहुतेक त्याच्यावरच बसते. युरोपीय विषाणू आणि केएफडी यांच्या ‘ई’मध्ये इतका फरक आहे की युरोपीय लस घेतलेल्याचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) एलायझा या अँटिबॉडी शोधणाऱ्या तपासणीत केएफडीला ‘चिकटतो’, पण जिवंत विषाणूला रोखण्याच्या चाचणीत जेमतेम उतरतो.

चिकटणं आणि रोखणं यातला हा फरक कायम ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे अनेकांच्या अंगात डेंगीच्या, जपानी मेंदूज्वराच्या अँटिबॉडी असतात. नुसता एलायझा करून ‘लशीने अँटिबॉडी आल्या’ म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. केएफडीच्या खऱ्या जवळच्या नातलगाबद्दल बोलायचं तर तो सौदी अरेबियातला अलखुर्मा, १९९०च्या दशकात सापडलेला.

नळी_नं_४

मग ‘रोखण्याची चाचणी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. तिचं नाव पीआरएनटी, प्लाक रिडक्शन न्यूट्रलायझेशन टेस्ट. रुग्णाचा किंवा लस घेतलेल्याचा सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, म्हणजे त्यातलं कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंवर हल्ला करणारी प्रथिनं) बाद होतं. नाहीतर तेच विषाणूला मारून अँटिबॉडीचं श्रेय खातं. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात: १:१०, १:२०, १:४० असं. प्रत्येक पातळीत मोजून ठेवलेला विषाणू मिसळतात आणि मिश्रण पेशींच्या थरावर घालतात. काही दिवसांनी थर रंगवला की जिथे विषाणूने पेशी खाल्ल्या तिथे पारदर्शक ठिपके दिसतात. सीरम नसलेल्या थाळीच्या तुलनेत ठिपके निम्म्यावर आणणारी शेवटची पातळी म्हणजे पीआरएनटी-५० टायटर.

कुठे बिघडतं? एक, ठिपके इतके दाट की एकमेकांत मिसळतात; मग मोजणारा ‘अंदाजे’ लिहितो. दोन, पेशींचा थर जुना किंवा विरळ. ठिपके फसवे येतात. तीन, आणि सगळ्यात वाईट: त्या दिवशी विषाणूची मात्रा ठरल्यापेक्षा जास्त पडली तर टायटर आपोआप कमी दिसतो. म्हणून प्रत्येक फेरीत ओळखीचा धन सीरम (अँटिबॉडी असलेला) आणि ऋण सीरम (नसलेला) लावायचा, विषाणूची मात्रा पुन्हा मोजायची, आणि ती बसत नसेल तर अख्खी फेरी रद्द करायची. दोन प्रयोगशाळांचे आकडे समोरासमोर ठेवायचे असतील तर दोघांकडे एकच संदर्भ सीरम हवा. तो नसेल तर १:८० मोठा की १:१६० मोठा हा वाद निरर्थक आहे.

सह्यकडा

हे सगळं बीएसएल-४ मध्येच, म्हणजे जैवसुरक्षेच्या सगळ्यात वरच्या, चौथ्या पातळीच्या प्रयोगशाळेतच करावं लागतं का? लोकांच्या डोक्यात तिथे अंतराळवीर फिरतात असं चित्र आहे.

ऋणदाब

जिवंत केएफडी विषाणू वाढवायचा तर वरच्या दर्जाची प्रयोगशाळा लागतेच. या विषाणूने जगात अनेक ठिकाणी प्रयोगशाळेतल्या लोकांना गाठलेलं आहे. काम करणाऱ्यांना लागण होण्याबाबत तो बदनामच आहे. एनआयव्हीचं बीएसएल-४ पुण्यात पाषाणला आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं. ‘आशियातलं पहिलं’ असं सगळीकडे छापतात. जपानने मुरायामाला १९८१ मध्येच इमारत बांधली होती, पण स्थानिकांच्या विरोधामुळे तिथे चौथ्या पातळीचं काम २०१५ पर्यंत सुरूच झालं नाही. तेव्हा ‘पहिलं’ कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

अंतराळवीर म्हणाल तर दिसतात तसेच. सूटच्या आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, खोलीत मात्र बाहेरच्यापेक्षा कमी. सूटला बारीक छिद्र पडलं तर हवा सूटमधून बाहेर जाते, आत येत नाही. खोलीचं दार उघडलं तर हवा आत जाते, बाहेर येत नाही. सगळं तंत्र या दोन उलट्या दाबांवर उभं आहे. बाहेर फेकली जाणारी हवा लागोपाठ दोन हेपा गाळण्यांतून जाते. सांडपाणी टाकीत गरम करून निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत. बाहेर पडताना सूटसकट रसायनाचा शॉवर, मग सूट उतरवून साधी अंघोळ.

यात वेळ किती जातो ते बाहेरच्यांना कळत नाही. हवेच्या नळीच्या आवाजामुळे शेजारच्याशी बोलायला हेडफोन लागतो. दोन-तीन हातमोजे एकावर एक असल्याने बोटांची संवेदना निम्मी. काचेच्या वस्तू शक्यतो नाहीत, सुया अगदी नाइलाजानेच. साध्या प्रयोगशाळेत सकाळी उरकणारं काम इथे दिवसभर चालतं. ऑटोक्लेव्ह दोन दारांचा असतो: आतलं दार बंद होऊन १२१ अंशांची फेरी पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचं उघडतच नाही. फेरी झाली म्हणजे जंतू मेले असं मात्र गृहीत धरायचं नाही. पिशवीच्या मधोमध जिओबॅसिलस या जिवाणूच्या, उष्णतेला सहजी दाद न देणाऱ्या बीजाणूंची पट्टी ठेवतात आणि नंतर ती उगवते का ते पाहतात. पिशवी ठासून भरली की वाफ मध्यापर्यंत पोचत नाही आणि पट्टी उगवते.

म्हणून शहाणपण यात आहे की जे काम बाहेर होऊ शकतं ते आत न्यायचंच नाही. पीसीआरसाठी (विषाणूचा आरएनए शोधणारी तपासणी) नमुना लायसिस बफरमध्ये, म्हणजे विषाणू फोडणाऱ्या द्रावणात टाकून निष्क्रिय केला की पुढचं काम खालच्या पातळीवर होतं. इथे एक धोका ठळकपणे लिहितो: लायसिस बफरमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. सांडलं म्हणून त्यावर ब्लीच ओतलंत तर विषारी वायू निघतो. आधी पाण्याने आणि साबणाने टिपून घ्यायचं, ब्लीच त्यानंतर. कोविडच्या काळात घाईघाईत उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांत हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं होतं.

प्रयोगवही

+१, ब्लीचच्या मुद्द्याला तर खासच.

आता जुनी लस खरी कुठे घसरली ते. निष्क्रिय लशीची कसरत दोन्ही बाजूंनी असते. फॉर्मालिन कमी पडलं तर जिवंत विषाणू उरतो. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीत हेच झालं: विषाणूच्या गुठळ्यांच्या आत फॉर्मालिन पोचलं नाही, आणि दोनशेच्या आसपास लोकांना लकवा झाला, दहा दगावले. फॉर्मालिन जास्त झालं तर ज्या आकारावर अँटिबॉडी बसायची तो आकारच बिघडतो. लस सुरक्षित, पण निरुपयोगी. कधी त्याहून वाईट: १९६०च्या दशकातली फॉर्मालिनने मारलेली आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वसनमार्गाचा विषाणू) लस घेतलेल्या मुलांना पुढे खरा संसर्ग झाल्यावर आजार उलट तीव्र झाला आणि दोन मुलं गेली.

यातली सुरक्षिततेची बाजू तपासायच्या पद्धती पक्क्या आहेत. ताकदीची बाजू मात्र जुन्या लशीत उंदरांवर अवलंबून होती. उंदरांना लस द्यायची, मग विषाणू द्यायचा, किती जगतात ते मोजायचं. उंदरांचं वय, जात, आव्हान म्हणून दिलेल्या विषाणूची मात्रा यातलं काहीही हललं की निकाल हलतो. एक बॅच पास, दुसरी नापास, आणि फरक लशीत आहे की उंदरांत हे सांगता येत नाही. त्यात वाण १९५७चा, उत्पादन एका सरकारी संस्थेत, मागणी काही जिल्ह्यांपुरती. अशा लशीत पैसा घालायला कोण तयार होणार? नापास बॅचा वाढत गेल्या आणि अखेर थांबवली. माझ्या मते विज्ञान कमी पडलं असं म्हणण्यापेक्षा तीस वर्षं कुणी मोजमापाची पद्धत बदलली नाही, असं म्हणायला हवं.

नवी लस आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून करत आहेत: पुन्हा निष्क्रिय विषाणूच, पण सोबत अ‍ॅड्जुव्हंट (लशीचा परिणाम वाढवणारा घटक) आणि दोन डोस. दुसरीकडे अमेरिकेतल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत व्हीएसव्ही या निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर केएफडीचं प्रथिन बसवून प्रयोग झाले आहेत. इबोलाची लस याच तंत्राची आहे. तिचा फायदा असा की एका डोसात काम होण्याची शक्यता असते, आणि आपल्या बागायतीच्या दृष्टीने ते सोन्यासारखं. पण माणसातल्या चाचण्यांपर्यंतचं अंतर मोठं आहे.

सांख्यिक

सगळे विषाणूबद्दल लिहितायत, मी आकड्यांबद्दल लिहितो, कारण नवी लस खरी तिथे अडणार आहे.

समजा एका पट्ट्यात लस न घेतलेल्या हजारात एकाला हंगामात माकडताप होतो (उदाहरणाचा आकडा आहे, कुठल्या गावाचा नव्हे). चाचणीत २०,००० जणांना लस, २०,००० जणांना नुसतं पाणी दिलं. नुसतं पाणी घेतलेल्यांत २० रुग्ण, लसवाल्यांत ६. परिणामकारकता ७० टक्के. छान? विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पल्ल्यात असेल तो) काढा: सुमारे २५ ते ८८ टक्के. म्हणजे ४०,००० माणसं वर्षभर सांभाळून हाती काय, तर लस बेताची आहे की उत्तम ते सांगता येत नाही. २००५-१०च्या अभ्यासातही दोन डोसांच्या ६२.४ला मर्यादा होत्या २६ ते ८१. आणि माकडताप कुठल्या गावात उगवेल हे आधी माहीत नसतं. ज्या गावांत चाचणी लावाल तिथे त्या वर्षी एकही रुग्ण नाही, आणि दोन डोंगर पलीकडे साथ, असं सहज होतं.

म्हणून तिसऱ्या टप्प्याऐवजी, म्हणजे अशा मोठ्या चाचणीऐवजी, ‘पर्यायी खूण’ वापरायचा मार्ग असतो: माकडांत ठराविक टायटरने संरक्षण मिळतं हे दाखवायचं, मग माणसांत तेवढा टायटर येतो का ते मोजायचं. चिकनगुन्याची एक लस अमेरिकेत २०२३ मध्ये अशीच मंजूर झाली. पण २०२५ मध्ये ज्येष्ठांतल्या गंभीर दुष्परिणामांमुळे तिचा परवाना तिथे स्थगित झाला. अँटिबॉडीच्या खुणेने परिणाम कळतो, दुर्मीळ दुष्परिणाम कळत नाहीत. त्याला माणसांचा आकडाच लागतो. (ती लस जिवंत-दुर्बल विषाणूची होती, माकडतापाची नवी निष्क्रिय आहे, हा फरक मान्य.)

काजूबागायतदार

@सांख्यिक, म्हणजे आमच्याकडे रुग्ण कमी म्हणून लस नाही, आणि लस नाही म्हणून रुग्ण. भले!

सांख्यिक

जवळजवळ तसंच. यातून वाट एकच: रुग्ण नीट मोजणं. निदानच झालं नाही तर प्रादुर्भावाचा दर कमी दिसतो, चाचणी आणखी मोठी लागते. म्हणून नमुने नीट जाणं हे लशीच्याच कामाचा भाग आहे.

नळी_नं_४

नमुन्यांबद्दल मग सविस्तरच, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात आणि ते टाळायला खर्च काहीच नाही.

रक्त ४ ते ५ मिली, साध्या किंवा जेल असलेल्या नळीत. अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळा करायचा. पीसीआरसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी चालते. हेपॅरिनची हिरव्या झाकणाची नळी नको, हेपॅरिन पीसीआर अडवतं. न वेगळं केलेलं रक्त फ्रीजरमध्ये टाकायचं नाही. पेशी फुटतात, सीरम लाल होतो आणि तपासणी बाद. आरोग्य केंद्रात सेंट्रिफ्यूज नसेल तर नळी २ ते ८ अंशांवर उभी ठेवून लगेच पुढे पाठवायची. सीरम दोन-तीन दिवसांत पोचणार असेल तर २ ते ८ अंश पुरे. उशीर होणार असेल तर उणे ७०. दर वेळी वितळवून पुन्हा गोठवलं की विषाणूचा आरएनए घटत जातो.

पॅकिंग तिहेरी: घट्ट झाकणाची नळी, भोवती शोषक कापूस किंवा टिश्यू, त्याबाहेर गळती न होणारा डबा, त्याबाहेर कडक खोका. फॉर्म डब्याच्या बाहेर, खोक्याच्या आत, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. नळीभोवती गुंडाळलेला फॉर्म ओला होऊन वाचता येत नाही. कोरडा बर्फ घातला असेल तर खोका हवाबंद करायचा नाही. वायू साठून तो फुटतो.

आणि तापाचा दिवस. पहिल्या आठवड्यात पीसीआर, पाचव्या दिवसापासून सोबत आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी). तिसऱ्या दिवशी घेतलेला नमुना आयजीएममध्ये ऋण येणारच. तो ‘माकडताप नाही’ असा वाचायचा नाही. उलट, तिसऱ्या आठवड्यात काही रुग्णांना ताप परत येतो, डोकेदुखी, झटके, गोंधळलेपणा दिसतो. तेव्हा पीसीआर ऋण येऊ शकतो आणि आयजीएमच कामाचा. आयजीएम धन आला तरी डेंगीशी सरमिसळ आहे का ते पाहावं लागतं, म्हणून डेंगीची तपासणी त्याच नमुन्यावर.

ऋणदाब

अवांतर नाही म्हणून: नवी लस आली आणि तिच्यात अ‍ॅल्युम (अ‍ॅड्जुव्हंट म्हणून वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा क्षार) असलं तर शीतसाखळीचा प्रश्न उलटा होईल. आपल्याकडे सगळे ‘गरम होऊ नये’ म्हणून बर्फ दाबून भरतात. अ‍ॅल्युमची लस गोठली की कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि ताकद जाते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा (उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा) चौकोन फक्त उष्णता दाखवतो. गोठून मेलेली लस त्यावर ठणठणीत दिसते. शंका असेल तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम कडक गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर दोन्ही जोरात हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेलीइतकाच भरभर खाली बसला तर ती फेकायची. बर्फाच्या पिशव्या आधी बाहेर ठेवून आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबणं, एवढ्याने अर्धी नासाडी टळते.

काजूबागायतदार

लस येईल तेव्हा येईल. या हंगामाचं काय ते कुणी थोडक्यात सांगेल का? आमच्या कामगारांना वाचून दाखवायचंय.

सह्यकडा

वरच्या सगळ्यांतून जमवून लिहितो.

माणसाला चावणारी बहुतेक गोचीड ही लहान, पिल्लावस्थेतली असते, तिळाएवढी. पावसाळा संपल्यावर ती वाढते आणि जानेवारी ते मार्च जोर असतो. बागेत जाताना पूर्ण बाह्या, पायजम्याचे पाय मोज्यांत खोवलेले, उघड्या अंगावर आणि कपड्यांवर डेपा हे गोचीड दूर ठेवणारं तेल. (हे ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचं.) पाचोळ्यावर बसायचं-झोपायचं नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, कमरेच्या नाडीची जागा बघायची. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, चुना काही नाही, बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. गुरं बागेतून चरून आली की त्यांच्या अंगावर मोठ्या गोचिडी येतात. गोठ्यातही औषध हवं.

मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात लावायचा नाही. शव थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरून नवा आसरा शोधतात, म्हणून ती जागा सगळ्यात धोक्याची. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, ते औषध मारेपर्यंत तिथली काजू तशीच राहू द्यायची.

अचानक कडक ताप, कपाळ फुटेल असं डोकं, कंबर-पोटऱ्या मोडून येणं: बागेत जाणाऱ्याला हे झालं तर दुखणं अंगावर काढायचं नाही. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो, पॅरासिटामॉल चालेल. माणसाकडून माणसाला हा लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वाळीत टाकायचं कारण नाही.

नळी_नं_४

यात एक जोडा: केंद्रात गेल्यावर ‘जंगलात, काजूच्या बागेत जातो’ हे स्वतःहून सांगायचं आणि ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते फॉर्मवर लिहून घ्यायचं. तारीख नसेल तर पीसीआर लावायचा की आयजीएम, हे प्रयोगशाळेला अंदाजाने ठरवावं लागतं.